दिवा पेटला म्हणजे काय कळलं?

बल्बवाला : सर, गॅरेजवर नवीन पोरगा ठेवलाय. त्याला पहिला टेस्टर कोणता घेऊन द्यायचा, यावर तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तुम्ही मीटरच म्हणणार. मी मात्र टेस्ट लॅम्प देणार आहे. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई आणि मधे टेललाईटचा पाच वॅटचा बल्ब, बस्स. माझ्याकडे कुठल्या गाड्या येतात ते बघा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी उचलणारे टेम्पो, एप्रिल-मेमध्ये रात्रीचा आंबा घेऊन वाशीला पळणाऱ्या पिकअप, एमआयडीसीतल्या जुन्या व्हॅन. टेम्पोच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी चेसिसवर ठिबकतं, मागच्या दिव्यांच्या अर्थचा बोल्ट गंजतो, आणि वायर बाहेरून अखंड दिसली तरी आतून काळी पडलेली असते. अशा वायरीवर मीटर लावला की तो खुशाल १२.४ दाखवतो. बल्ब लावला तर पेटत नाही. आता सांगा, खोटं कोण बोलतंय?

मीटरवाले : कोणीच नाही. तू दोघांना दोन वेगळे प्रश्न विचारलेस आणि उत्तर मात्र एकच मागतोयस. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगओहम असतो. बारा व्होल्टवर त्यातून जाणारा करंट एका मायक्रोअँपिअरच्या जरासा वर. एवढ्यासाठी वायरीत एक तार धड असली, नव्हे, ओल्या गंजाचा पापुद्रा असला तरी पुरतो. तुझा पाच वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर मागतो, म्हणजे तीन-साडेतीन लाख पट. नळाला दाब आहे का, हे मीटर सांगतो; बादली भरते का, हे बल्ब सांगतो. पण म्हणून दाब मोजणं खोटं ठरत नाही. मीटरने १२.४ दाखवलं आणि बल्ब विझलेला राहिला, तर त्या दोन निरीक्षणांतून मिळून दोष कळतो : वायर तुटलेली नाही, तिच्यात रेझिस्टन्स आहे. नुसता बल्ब वापरणाऱ्याला तुटलेली वायर आणि सडलेली वायर एकसारखीच दिसते.

बल्बवाला : दिसू दे की. तुटलेली असो नाहीतर सडलेली, ती बदलायचीच आहे. मला निदानाचा निबंध लिहायचा नाही. टेम्पोवाला बाजूला उभा असतो, त्याला पहाटे बंदरावर जायचं असतं. आणि एक गोष्ट तुम्ही वर्गात कधी सांगितली नाहीत. बल्ब गिऱ्हाईकालाही दिसतो. चिमटा बॅटरीला, सुई इथे : पेटला. सुई तिथे : नाही पेटला. म्हणजे दोष या दोन जागांच्या मधे. त्याला शाळेत न जाताही हे पटतं, आणि मग मजुरीवरून वाद होत नाही. मीटरवर ०.८७ दाखवून तुम्ही काय सिद्ध करणार? तो म्हणेल, भाऊ, बदललं काय ते सांग.

मीटरवाले : हा मुद्दा मोठा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. गिऱ्हाईक मोजण्याचे पैसे देत नाही, बदललेल्या वस्तूचे देतो. त्यामुळे आपल्याकडे मोजण्याची कला वाढलीच नाही. डायनॅमो बदलला, बॅटरी बदलली, सेल्फ खोलला, आणि शेवटी निघाली काय तर इंजिनाची अर्थची पट्टी गंजलेली. पण तू बल्बला साक्षीदार करतोस, तर त्या साक्षीदाराची उलटतपासणी मला करू दे. समज, हेडलाईटच्या अर्थमध्ये अर्ध्या ओहमचा दोष आहे. तिथे तुझा बल्ब लाव. तो कसा पेटेल?

बल्बवाला : थोडा मंद.

मीटरवाले : अजिबात नाही. झगझगीत पेटेल, आणि तू म्हणशील अर्थ चोख आहे.

(इथे लेखकाला मधे पडून हिशेब मांडू दे, कारण एरवी हे वाक्य पटत नाही. पाच वॅटचा पेटलेला बल्ब म्हणजे जवळजवळ २९ ओहम. त्याला जोडून अर्ध्या ओहमचा गंज आला तर वाया जातात ०.२ व्होल्ट, डोळ्याला कळणारही नाहीत. पण ५५ वॅटचा हेडलाईट म्हणजे २.६ ओहम. तोच अर्धा ओहम तिथे जवळजवळ दोन व्होल्ट खातो आणि उजेड पिवळा पडतो. सेल्फ तर १५० अँपिअर किंवा त्याहून जास्त मागतो. तिथे दोन शतांश ओहमसुद्धा तीन व्होल्ट गिळतो, म्हणजे इंजिन नुसतं कण्हतं. दोष दर वेळी गंजाचाच. पण तो दिसेल की नाही, हे त्यातून किती करंट ओढला यावर ठरतं.)

बल्बवाला : मग मी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावतो. पावणेदोन अँपिअर. तेही कमी पडलं तर हेडलाईटचा जुना बल्ब होल्डरसकट आहे माझ्याकडे. तुमच्या उलटतपासणीतून एवढंच निघालं की बल्ब मोठा हवा. मीटर हवा, हे कुठे निघालं?

मीटरवाले : निघतं, थांब. मोठा बल्ब शोधायची गरजच काय, गाडीत तो आधीच बसवलेला आहे. हेडलाईट चालू कर. मीटरची लाल सुई हेडलाईटच्या अर्थच्या पिनला, काळी बॅटरीच्या निगेटिव्हला. ठाकठीक असेल तर ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसतील. दोन व्होल्ट दिसले तर ते त्या वाटेत कुठेतरी मरतायत. मग काळी सुई एकेका जोडावरून पुढे सरकव. आकडा जिथे एकदम घसरला, तो जोड खराब. वायर सोलायची नाही, काही खोलायचं नाही. दिवा त्याच्याच करंटवर काम करतोय आणि मीटर नुसता बघतोय. सेल्फच्या जाड केबललाही हेच : सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकापासून सेल्फच्या टोकापर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत. तुझ्या बल्बला हे जमणार नाही, कारण दोन व्होल्टवर तो पेटतच नाही. जो दोष दोन व्होल्टचा आहे, तो बल्बच्या जगात अस्तित्वातच नाही.

बल्बवाला : हे मान्य. पण मग तुम्ही माझ्याच बाजूला आलात, सर. तुमचा मीटर खरं बोलू लागला, पण केव्हा? वायरीवर ओझं पडलं तेव्हा. ओझं नसताना तो १२.४ म्हणून फसवत होता, हेडलाईट पेटवल्यावर शुद्धीवर आला. म्हणजे खरं हत्यार ओझं आहे आणि मीटर त्याचा मुनीम. आता जिथे गाडीचं स्वतःचं ओझं चालतच नाही, तिथे काय करणार? पंप बंद आहे, पंपाच्या सॉकेटवर मीटर १२ दाखवतो. पंप मेला की वायर मेली? सॉकेटमध्ये २१ वॅटचा बल्ब खोचला आणि ढणढण पेटला, तर निदान इथपर्यंत करंट येतो हे कळलं. मग पंप खोलायचा. मीटर मला तिथे एक पाऊलही पुढे नेत नाही.

मीटरवाले : बरोबर. आणि पंप पाच-सहा अँपिअर ओढतो, म्हणून २१ वॅटनेही पूर्ण खात्री होत नाही, पण ते असो. तुझं म्हणणं मी असं मांडतो : निदान म्हणजे ओझं घालून बघणं. मला ते मान्य आहे. आता माझा प्रश्न : ज्या वायरीवर ओझं घालायचं, ती ओझं घालण्याजोगी आहे, हे तुला कोण सांगतं?

बल्बवाला : जाडी. सेन्सरची वायर बारीक, दिव्याची मध्यम, सेल्फची अंगठ्याएवढी.

मीटरवाले : रिलेच्या कॉइलची वायरही बारीकच असते. ती ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या, आतल्या एका छोट्या ट्रान्झिस्टरने ओढलेली असते. कॉइल ८० ओहमच्या आसपास, म्हणजे दीडशे मिलिअँपिअर. त्या ट्रान्झिस्टरकडून तू पाच वॅटच्या बल्बचे चारशे मागतोस. बरं, चारशे तर पेटल्यावर. बल्बची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स पेटलेल्याच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे पहिल्या क्षणी कित्येक पट. चांगल्या ईसीयूत त्याला संरक्षण असतं, तो वाचतोही. पण ईसीयूची किंमत माहीत असलेला माणूस त्या संरक्षणाच्या भरवशावर सुई टोचत नाही. सेन्सरची पाच व्होल्टची वायर घे. एकाच पुरवठ्यावर तीन-चार सेन्सर असतात. त्यावर बल्ब लावलास की पाचाचे दोन होतात आणि जे सेन्सर धडधाकट होते त्यांच्याही तक्रारी ईसीयूत नोंदल्या जातात. एक दोष शोधायला गेलास, चार नवे जन्माला घातलेस. आणि पिवळं वेष्टण असलेली वायर तर विचारूच नको.

बल्बवाला : एअरबॅगला मी हात लावत नाही. तेवढं कळतं.

मीटरवाले : तुला कळतं. त्या नव्या पोराला कळतं का? एअरबॅगच्या काडीला सव्वा अँपिअरच्या आसपास करंट दोन-तीन मिलिसेकंद मिळाला की ती पेटते. थंड बल्बचा पहिला झटका तेवढा सहज देऊ शकतो. म्हणून ज्याला अजून वायरी ओळखता येत नाहीत, त्याच्या हातात पहिल्या दिवशी असं हत्यार असावं की जे चुकीच्या जागी टेकलं तरी गाडीचं काही बिघडणार नाही. पिवळ्या वायरीला मात्र मीटरसुद्धा नाही, कारण ओहमच्या रेंजवर तोही आपल्या बॅटरीतून करंट सोडतो. २०१९ च्या जुलैपासून आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, २०२१ च्या एप्रिलपासून नव्या मॉडेलना शेजारच्या सीटचीही. म्हणजे आता स्वस्तातली स्वस्त नवी गाडी गॅरेजात आली तरी डॅशबोर्डच्या आत ही वायर असणारच.

बल्बवाला : चुकीच्या जागी टेकला तरी बिघडत नाही असा मीटर कुठे मिळतो ते सांगा. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांचा पिवळ्या कव्हरचा जो मीटर मिळतो, तोच पोरगा घेऊन येणार. त्याच्या १० अँपिअरच्या भोकाशेजारी इंग्रजीत छापलेलंच असतं की याला फ्यूज नाही. पोरानं करंट मोजायला लाल सुई त्या भोकात घातली, काम झाल्यावर तिथेच विसरला, आणि पुढच्या गाडीला बॅटरीचे व्होल्ट बघायला गेला. झालं. बॅटरीच्या दोन टोकांना सरळ तार जोडल्यासारखं. सुया लाल होतात, वायर वितळते, हात भाजतो. बल्बला हे कधी होत नाही. बल्ब चुकून बॅटरीच्या दोन टोकांना लागला तर पेटतो, इतकंच. तुमच्या निरुपद्रवी मीटरला एक भोक असं आहे की ज्यात सगळा उपद्रव भरलाय.

मीटरवाले : मग त्याला दोनशेचा घेऊन देऊ नकोस. दोन्ही करंटच्या भोकांना फ्यूज असलेला घे. फ्लूकच घे असं मी म्हणत नाही; ऋषभचे मीटर नाशिकचे, मोटवानेही नाशिकचीच. आमच्या पिढीनं तर काट्याच्या मीटरवर हात बसवला. मीटर ही काही प्रयोगशाळेतल्या पंडितांची चैन नव्हती. १९२३ मध्ये पहिला अॅव्होमीटर बाजारात आला, तो ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकडी नावाच्या माणसाच्या डोक्यातून. टेलिफोनच्या लाईनी दुरुस्त करताना अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची तीन वेगळी खोकी वागवून तो कंटाळला होता. तुझ्यासारखाच वायरमन.

बल्बवाला : त्याच्या लाईनींवर खारं वारं नव्हतं. सर, आपण रत्नागिरीत बोलतोय हे विसरू नका.

मीटरवाले : मी तेच म्हणणार होतो, आणि ते तुझ्या विरुद्ध जातं. तुझ्या टेस्ट लॅम्पला सुई का असते? वायर भोसकायला. इन्शुलेशनमधून आत घुसून तांब्याला टेकायला. पुण्यात, नाशकात ते भोक वर्षानुवर्षं तसंच राहिलं तरी फारसं बिघडत नाही. इथे त्या भोकातून खारी हवा आत जाते, पहिल्या पावसात पाणी जातं, आणि ते पाणी तिथेच थांबत नाही. तांब्याच्या बारीक तारांच्या मधल्या फटींतून ते वर चढतं, वातीत तेल चढावं तसं. दोन पावसाळ्यांनी वायर भोकापासून वीतभर अंतरावर काळी पडते. मग तोच टेम्पो तुझ्याकडे येतो, तू पुन्हा भोसकतोस, दोष सापडतो आणि तुला वाटतं, बल्ब बरा कामाला आला. तो दोष आधीच्या तपासणीने पेरला होता. या जिल्ह्यात टेस्टर निवडताना तो वायरीला किती जखम करतो, हा प्रश्न मला व्होल्ट-अँपिअरच्या आधी विचारावासा वाटतो.

बल्बवाला : मीटरच्या सुयाही लोक भोसकतातच.

मीटरवाले : लोक भोसकतात. पण मीटरला बारीक पिन लावून सॉकेटच्या मागून, वायर जिथे शिरते तिथून, टेकता येतं. बल्बच्या जाड सुईला ते जमत नाही.

बल्बवाला : जमतं कागदावर. सॉकेटच्या मागे रबराची सील असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. तुमची बारीक पिन त्या सीलला चिरूनच आत जाते. म्हणजे तुम्ही वायरीचं भोक वाचवलंत आणि सॉकेटचं केलंत. वायरीचं भोक निदान मला दिसतं. मी त्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडतो, वर टेप गुंडाळतो. सॉकेटच्या आतली चिरलेली सील कोणाला दिसणार? आणि सॉकेटच्या आतला गंज हा सर्वांत वाईट. चिपळूणच्या गाड्या आठवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत चढलं, गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पुढे कित्येक गाड्या धुऊन-पुसून चालू झाल्या. पण पुरानंतर गाडी चालू झाली म्हणजे ती वाचली असं नसतं. सहा महिन्यांनी, वर्षानं, एकेक सॉकेट हिरवं पडत जातं. आज पॉवर विंडो, उद्या एबीएसचा दिवा, परवा गाडी रस्त्यात बंद. अशा गाडीत कुठलाही टेस्टर लावायच्या आधी सॉकेट सोडवून डोळ्यांनी बघावं लागतं. माझा अर्धा तपास नाकानं आणि डोळ्यांनीच होतो.

मीटरवाले : तो व्हायलाच हवा. पण पुरातल्या गाडीची खरी खोड म्हणजे, तुझ्या दारात उभी असताना ती शहाण्यासारखी वागते. दोष खड्ड्यात आदळली की येतो, नाहीतर पाऊस पडला की. तिथे मीटरचं कमाल-किमान धरून ठेवणारं बटण कामाला येतं. सुया लावून ठेव, वायरिंगची जुडी हातानं हलव, क्षणभर जरी पाचाचे तीन झाले तरी मीटर तो आकडा पकडून ठेवतो. बल्बचा क्षणभराचा लुकलुकाट तुझ्या डोळ्यांना चुकेल.

बल्बवाला : उलट माझ्या डोळ्यांना बल्बच दिसतो. मीटर आकडा बदलायला अर्धा सेकंद घेतो, तोवर खड्डा मागे पडलेला असतो. बटण दाबल्यावर महागडा मीटर पकडतो, ते मान्य. पण ती त्या किमतीची गोष्ट झाली. यापेक्षा तुमच्या काट्याच्या मीटरचा काटा बरा थरथरायचा.

मीटरवाले : तो थरथरायचा, खरंय. ते सुख डिजिटलनं घेतलं.

(या मुद्द्यावर दोघं एकमेकांशी चुकून सहमत झाले. लेखकाला वाटतं, वादातली ही सर्वांत कमी उपयोगाची सहमती. काट्याचा नवा मीटर गॅरेजसाठी आता कोण विकत घेणार आहे?)

बल्बवाला : तुम्हाला एक सरळ विचारतो. रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी गाडी आली तर बल्ब काहीच कामाचा नाही. पूर्वी आम्ही निगेटिव्ह सोडवून मधे बल्ब लावायचो. पेटला तर कुठेतरी करंट गळतोय. आता गाडी बंद केल्यावरही तिच्या आतले कंट्रोलर पंधरा-वीस मिनिटं, काही वेळा जास्त, जागे राहतात. बल्ब पेटतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. आणि पन्नास मिलिअँपिअरची गळती, जी चालते, आणि तीनशेची, जी चार-सहा दिवसांत बॅटरी मारते, त्या दोन्हींवर २१ वॅटचा बल्ब जवळजवळ सारखाच काळा. इथे मी मीटर काढतो. फ्यूज न उपटता फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन ठिपक्यांना सुया लावून मिलिव्होल्ट बघतो, कुठल्या फ्यूजमधून करंट जातोय ते कळतं. म्हणजे मी मीटरचा शत्रू नाही. माझा वाद पहिल्या हत्याराचा आहे. आणि आता एक तिसरंही आलंय, त्याबद्दल तुम्ही अजून बोलला नाहीत.

मीटरवाले : पॉवर प्रोब.

बल्बवाला : हो. दोन चिमटे बॅटरीला, हातात एक काडी. टेकवली की प्लस आहे की मायनस ते दिव्याच्या रंगानं सांगते, व्होल्टचा आकडाही देते, आणि अंगठ्यानं बटण दाबलं की त्याच टोकातून बॅटरीचा करंट सोडते. पंप खरंच फिरतो का, पंखा फिरतो का, तिथल्या तिथे. बल्बला जे अनुमान करावं लागतं ते इथे डोळ्यांसमोर घडतं. आत आठ अँपिअरचा ब्रेकर आहे, फ्यूज बदलत बसायला नको. मला वाटतं, तुमचा आकडा आणि माझं ओझं एका काडीत आलं.

मीटरवाले : आणि माझी भीतीही. बल्ब ज्याच्यापाशी टेकतो त्याच्याकडून करंट मागतो. ही काडी न मागता देते. पाच व्होल्टच्या सेन्सरच्या वायरीत बारा व्होल्ट. ईसीयू कुठल्या पिनवर काय सोसतो हे तुझ्या अंगठ्याला ठाऊक नसतं. आठ अँपिअरचा ब्रेकर वायरीला वाचवतो, दोनशे मिलिअँपिअरच्या ट्रान्झिस्टरला नाही. तो ब्रेकरच्या कितीतरी आधी जातो. जुन्या टेम्पोवर हे हत्यार उत्तम आहे. पण तुझ्या पोराच्या हातात बीएस-६ गाडी आणि ही काडी एकाच वेळी द्यायची, तर मी आजच तुझ्या गॅरेजच्या दारावर येऊन बसतो. आणि नारिंगी वायरीची, विजेवर चालणारी गाडी आली तर? नेक्सॉन ईव्हीची बॅटरी तीनशे व्होल्टच्या वर आहे. तिथे बल्ब नको, काडी नको, दोनशे रुपयांचा मीटरही नको, त्याच्यावर सुरक्षिततेचा कॅट-३ हा दर्जा छापलेला असला तरी. डीसीचा तीनशे व्होल्टचा भपका एकदा धरला की सुटत नाही. एसीसारखा तो सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही.

बल्बवाला : ती गाडी मी उघडतच नाही. हातमोज्यांशिवाय आणि शिक्षणाशिवाय नाही. पण बीएस-६ चं काय करू? २०२० च्या एप्रिलनंतरची प्रत्येक गाडी तीच. तुम्ही म्हणता, कुठल्या वायरीवर ओझं घालायचं ते आधी कळायला हवं. ते कशातून कळतं? टेस्टरमधून नाही. वायरिंगच्या नकाशातून. कुठली पिन ईसीयूकडून येते, कुठली सरळ बॅटरीकडून, मधे कुठला रिले, कुठे अर्थ बांधलाय. तो नकाशा कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडे असतो, माझ्याकडे नाही. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात वाहनांचाही विषय होता, पोर्टलही निघालं. हातखंब्याच्या तिठ्यावर रात्री बंद पडलेल्या पिकअपचा नकाशा मला त्यावर सापडत नाही. मग मी काय करतो? गाडीच्या वागणुकीवरून नकाशा मनात काढतो. ओझं घालून, काढून, पुन्हा घालून. तुमचा मीटर मला फक्त इतकं सांगतो की या क्षणी इथे किती व्होल्ट आहेत. बल्ब सांगतो की या वायरीच्या मागे ताकद आहे की नुसता निरोप. निरोपाच्या वायरीवर बल्ब विझलेला राहतो, मग मी तिथून हात काढतो.

मीटरवाले : आणि विझलेला राहण्याच्या त्या एका क्षणात काय बिघडलं ते तुला कळत नाही. निरोपाची वायर ओळखायला तिच्यावरच ओझं घालून बघायचं, ही पद्धत मला मान्य नाही. आधी मीटरनं बघ : पाच व्होल्ट आले तर सेन्सर, थांब. अडीचच्या आसपास आले आणि वायरी एकमेकींत पिळलेल्या असल्या तर कॅन, म्हणजे कंट्रोलरांच्या आपसातल्या निरोपाची जोडी, थांब. बॅटरी सोडवून त्या दोघींमध्ये साठ ओहम आले तर खात्रीच. पिवळं असेल तर थांब. बारा आले तरच बल्ब काढ. नकाशा नाही म्हणून अंधार आहे, आणि अंधारात आधी हलक्या हातानं चाचपायचं.

बल्बवाला : रिलेच्या कॉइलच्या वायरीवरही बाराच येतात, सर. तुम्हीच मघाशी सांगितलंत.

मीटरवाले : येतात.

बल्बवाला : म्हणजे तुमच्या गाळणीतून तीच वायर सुटते, जिच्यासाठी तुम्ही गाळणी लावलीत.

मीटरवाले : ती सुटते. तिथे जाडी बघावी लागेल, रिले कुठल्या बाजूनं ओढला जातो ते बघावं लागेल, रिले उपटून सॉकेटच्या पिनांचे आकडे वाचावे लागतील. ८५ आणि ८६ कॉइल, ३० आणि ८७ पुढची वाट. ३० आणि ८७ वर बल्ब खुशाल लाव, ८५ आणि ८६ वर नाही. एवढं त्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवता येईल.

बल्बवाला : ते शिकवेन. पण त्याला हे आकडे का पाठ करायचे ते तेव्हाच कळेल, जेव्हा एकदा मीटर बारा दाखवेल, बल्ब पेटणार नाही, आणि त्याला त्या दोघांतला फरक स्वतः समजून घ्यावा लागेल. तुम्ही त्याला आधी मीटर दिलात तर तो बारावर समाधान मानून पंप बदलायला घेईल. मी आधी बल्ब दिला तर एखादा ईसीयू जाईल, असं तुमचं म्हणणं. पंप गिऱ्हाईकाच्या पैशानं बदलला जातो, ईसीयू माझ्या. हिशेब तुम्हीच करा, पोरानं कुठल्या बाजूनं चुकायला शिकावं.

मीटरवाले : हिशेब पैशाचा असेल तर तू मीटरच देशील, कारण चूक गिऱ्हाईकाच्या खिशात जाते. म्हणून तर मला ते उत्तर पसंत नाही, मीटर माझा असूनही. त्याला जुना टेम्पो आणि बल्ब दे, नवी गाडी आणि मीटर दे, आणि दोन्ही गाड्या एकाच दिवशी दे.

बल्बवाला : एकाच दिवशी दोन्ही गाड्या मी कुठून आणू? येईल ती गाडी घ्यायची. उद्या सकाळी जी येईल तिच्यासमोर तो काय हातात धरून उभा राहील, ते मला आज दुकान बंद व्हायच्या आत ठरवायचंय.

मीटरवाले : मग निदान २१ वॅटचा देऊ नकोस. पाचाचा दे. आणि त्याची सुई घासून बोथट कर.

बल्बवाला : बोथट सुईनं रबर फुटत नाही.

मीटरवाले : म्हणूनच.